येथून वर चढा

आमच्या धंद्यात नकाशा काढणाऱ्या माणसाला ड्राफ्ट्समन म्हणतात. मी बाई असूनही नोकरीभर ड्राफ्ट्समनच राहिले. जालना नुकताच जिल्हा झाला होता, गावात बांधकामं निघत होती, आणि इंजिनिअर खेडकर साहेबांना त्यांच्या ऑफिसात हाताखाली कुणीतरी हवं होतं. आयटीआयचा दाखला घेऊन मी गेले तेव्हा त्यांनी दाखला पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दिवसभर उभं राहून काम करावं लागतं, जमेल?" मी म्हटलं, "घरी तेच करते." तिथेच नोकरी पक्की झाली.

या कामाची ओळख नसलेल्यांसाठी दोन शब्द सांगते. इंजिनिअर घर मनात बघतो, मिस्त्री ते विटांत उभं करतो आणि दोघांच्या मधे एक कागद असतो. तो कागद माझा. इंजिनिअर रोज साइटवर नसतो. तो नसताना मिस्त्रीशी जे काही बोलायचं ते त्या कागदानेच बोलायचं. म्हणून नकाशाच्या रेघांइतकीच त्यावरची अक्षरं महत्त्वाची. रेघ भिंत दाखवते, पण ती भिंत कशाची, किती उंच, दार कुठे उघडणार, पाणी कुठे जाणार, हे अक्षरं सांगतात.

हाताने नकाशे काढायचो तेव्हा अक्षरांची अडचण नव्हती. मोठ्या टेबलावर ट्रेसिंगचा कागद ताणून बसवायचा, शाईच्या पेनाने रेघा ओढायच्या आणि नगरपालिकेसाठी इंग्रजीत लिहायचं. घर खेड्यातलं असेल तर खाली मराठीतही लिहून टाकायचं. बैठक, स्वयंपाक, न्हाणी, देवघर. कुणाला बाळंतिणीची खोली हवी असायची, तीही लिहायची. जिन्याच्या पहिल्या पायरीशी बाण काढून मी 'येथून वर चढा' असं लिहीत असे. साहेब हसायचे. "अहो, जिना आहे. चढणारच की माणूस." पण खोडायला कधी सांगितलं नाही.

नव्वदनंतर ऑफिसात संगणक आला. जालन्यातल्या नकाशाच्या ऑफिसांमध्ये आमचा बहुधा पहिलाच. साहेबांनी त्याला नारळ फोडला आणि औरंगाबादचे पाठक म्हणून होते, त्यांनी आठवडाभर येऊन मला शिकवलं. नकाशाचं सॉफ्टवेअर त्यांनीच बसवून दिलं. मी घाबरले होते, पण महिन्याभरात मला त्याचं वेड लागलं. एक भिंत सहा इंच सरकवायची तर पूर्वी ब्लेडने कागद खरवडावा लागे. आता दोन कळा दाबल्या की झालं. फक्त एक गोष्ट त्याला येत नव्हती. त्याला मराठी येत नव्हतं. त्या आवृत्तीत इंग्रजीची चार साधी वळणं होती, बस.

मी साहेबांना म्हटलं, "छापून आल्यावर मराठी शब्द मी हाताने लिहिते."

"बिलकुल नाही," साहेब म्हणाले. "एवढी स्वच्छ प्रिंट आलीय, त्यावर हाताने गिरबटायचं? लोकांना कळू द्या, आपण कॉम्प्युटरवर काम करतो."

मी गप्प बसले. इथे गप्प बसले त्याचं फार वाईट वाटत नाही. पुढे बसले त्याचं वाटतं.

कुंभार पिंपळगावच्या सरजेरावांच्या घराचं काम आमच्याकडे आलं. चांगलं मोठं घर, तिथलेच दगडूबा मिस्त्री बांधणार होते. दगडूबा म्हणजे पन्नाशीचा शांत माणूस. चौथीपर्यंत शिकलेला, पण ओळंबा धरला की भिंत सुतात उभी राहणार याबद्दल आसपासच्या दहा गावांत शंका नव्हती. माझ्या हातच्या नकाशांवर त्यांनी चार-पाच घरं बांधली होती आणि कधी एक वीट काढावी लागली नव्हती.

या वेळी त्यांच्या हातात संगणकाची प्रिंट गेली. त्यात बैठकीतून मागे चढत जाणारा सरळ जिना होता. जिन्याच्या पायथ्याशी, जिथे मी पूर्वी 'येथून वर चढा' लिहीत असे, तिथे दोनच इंग्रजी अक्षरं होती. UP.

महिनाभराने साहेबांना निरोप आला की जिना बघायला या. मीही सोबत गेले, कारण वरच्या मजल्याची मापं घ्यायची होती. जिन्याचा तिरपा स्लॅब ओतून, फळ्या काढून झाल्या होत्या. काम सुरेख होतं. फक्त जिना उलटा होता. मागे स्वयंपाकघराजवळून सुरू होऊन पुढे चढत आला होता. वर पोचलेला माणूस गच्चीच्या दारात न जाता पुढच्या भिंतीसमोर उभा राहिला असता.

साहेबांचा चेहरा लाल झाला. सरजेराव, त्यांचे भाऊ, चार बिगारी, बघायला आलेले शेजारी, सगळ्यांसमोर ते दगडूबांवर ओरडले. "तुला नकाशा वाचता येत नसेल तर काम घेतोस कशाला?"

दगडूबा शांतपणे म्हणाले, "साहेब, मला इंग्रजी येत न्हाई, म्हणून मी इचारलं. हे जावई मास्तर हायेत, त्यांना इचारलं. ते बोलले, अप म्हंजे वर. मंग मी त्यो शेंडा वरचा धरला."

सरजेरावांचे जावई शाळेत मास्तर होते, तिथेच उभे होते. आणि विचार केला तर दगडूबांचं काय चुकलं होतं? जिन्याच्या एका टोकाला 'वर' असं लिहिलं असेल, तर सरळ बुद्धीचा माणूस ते वरचं टोकच धरणार. 'इथून वर जायचं' हा अर्थ त्या दोन अक्षरांत आम्ही शिकलेल्यांनी घातलेला आहे.

हे सगळं मला त्या क्षणी कळलं. मी बोलायला हवं होतं की साहेब, अक्षरं माझी आहेत, मिस्त्रींनी विचारून केलंय. पण एवढ्या पुरुषांत मी एकटी बाई, साहेब संतापलेले, नोकरी त्यांच्याकडे. मी हातातली टेप गुंडाळत उभी राहिले.

"अडाण्याच्या हातात घर दिलं की हे असंच होणार," साहेब म्हणाले.

दगडूबांनी तो जिना स्वतःच्या घणाने फोडला. दोन दिवस लागले म्हणे. तिसऱ्या दिवशी थापी धुऊन पिशवीत टाकली आणि ते काम सोडून गेले. पुढचं घर दुसऱ्या मिस्त्रीने बांधलं. जिना फोडावा लागलेला मिस्त्री ही खबर गावोगाव पोचायला वेळ लागत नाही. नंतर कळलं की दगडूबा आता घरं घेत नाहीत. गोठे, हौद, कुंपणाच्या भिंती एवढंच करतात.

त्यानंतर मी ठरवलं की या मशीनला मराठी शिकवायचंच.

पहिला शब्द मी 'वर' केला. टाइप होत नव्हता म्हणून रेघांनी काढला. शिरोरेघ, काना, कमान, जशी खिडकी काढावी तसं एकेक अक्षर. मग तो शब्द मशीनमध्ये साठवून ठेवायचा आणि हवा तिथे उचलून चिकटवायचा. 'वर' झाल्यावर 'खाली' केला. 'स्वयंपाकघर' करायला अख्खी दुपार गेली. असे साठेक शब्द झाले आणि खेड्यातल्या घरांवर मी ते लावायला लागले. साहेबांनी पाहिलं, पण प्रिंट स्वच्छ होती, हाताचं गिरबटणं नव्हतं, म्हणून बोलले नाहीत.

तक्रार मशीनने केली. एका शब्दात पन्नास-साठ बारीक रेघा. अख्खा नकाशा मराठीत केला की ते मशीन पडद्यावर चित्र उमटवता उमटवता थकून जायचं. मी एक खिडकी हलवायची आणि चहा घेऊन यायची, तेव्हा कुठे चित्र पुरं व्हायचं. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या मराठीपायी काम अडून राहतंय."

त्याच सुमारास पाठक काही दुरुस्तीला आले होते. माझे शब्द बघून ते खो खो हसले. मग एकदम गंभीर झाले. "मॅडम, एवढी मेहनत करू नका. नवीन आवृत्ती येतेय. त्यात संगणकातली कुठलीही अक्षरं चालतील असं ऐकलंय. मराठीसुद्धा."

"कधी येतेय?"

"येईल पुढच्या दोन-तीन महिन्यांत."

त्या दोन-तीन महिन्यांची दोन वर्षं झाली. दर महिन्याला मी पाठकांना फोन लावायची. आधी ती आवृत्ती परदेशात लांबली. मग आली, पण तिच्यात दोष निघाले आणि पाठकांनीच घेऊ नका म्हटलं. मग त्याच्या पुढची येणार असं सुरू झालं. पाठक माझा आवाज ओळखून "नमस्कार"च्या आधीच "अजून नाही" म्हणायचे. साहेबांना तर ती नकोच होती. त्यांचं म्हणणं, आहे त्यावर चाललंय ना, मग बदलायचं कशाला? नव्या आवृत्तीला नवं मशीनही लागणार होतं.

मी एक वही केली. साइटवरून मिस्त्री किंवा घरमालक नकाशातलं काही विचारायला आला की त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचा. उजेडासाठी आकाशाकडे उघडी ठेवायची जागा आम्ही O.T.S. अशा इंग्रजी अक्षरांत दाखवायचो; घनसावंगीच्या एकाने त्यावर इमानदारीने स्लॅब टाकला होता. दुसऱ्या एका गृहस्थांनी सगळ्या खिडक्यांजवळ TYP. असं वाचलं. त्याचा अर्थ 'सगळीकडे असंच' असा होतो. ते जीपने घनसावंगीहून जालन्याला आले आणि मला म्हणाले, "ताई, आमच्या घरात टायपिंग कुणाला येत न्हाई. एवढ्या खोल्या टायपिंगला कशापायी?" मी हसले नाही. वहीत लिहिलं.

शेवटी पाठकांचाच फोन आला. नवी आवृत्ती औरंगाबादला एका हॉलमध्ये दाखवणार होते. साहेबांना वेळ नव्हता. मी रजा टाकली आणि सकाळच्या एसटीने निघाले. पर्समध्ये एक फ्लॉपी होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लग्नपत्रिका छापणाऱ्या काकांचा प्रेस होता. त्यांच्याकडे मराठी अक्षरं होती. ती त्यांनी मला फ्लॉपीवर दिली आणि कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर येतं, ते एका पत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून दिलं.

हॉलमध्ये सगळे इंजिनिअर. पुण्याहून आलेला तरुण मोठ्या पडद्यावर घर गरागरा फिरवून दाखवत होता. काही विचारायचंय का म्हटल्यावर मी उभी राहिले.

"यात मराठी लिहिता येईल का?"

मागे कुणीतरी हसलं. तो म्हणाला, "मॅडम, मंजुरीचे नकाशे तर इंग्रजीतच लागतात. नगरपालिका इंग्रजीच मागते."

"नगरपालिका घर बांधत नाही," मी म्हटलं. "मिस्त्री बांधतो."

तो थोडा गडबडला. मराठी अक्षरं आणलेली नाहीत म्हणाला. मी फ्लॉपी पुढे केली. बाहेरची फ्लॉपी मशीनमध्ये घालायला त्याचं मन होईना. तिच्यातून काही व्हायरस आला तर? मी म्हटलं, "मी जालन्याहून एवढ्यासाठीच आलेय. बघितल्याशिवाय जाणार नाही." पाठकांनीही रदबदली केली. चहाच्या सुट्टीत त्याने फ्लॉपी घातली. अक्षरं बसवली. मी पत्रिकेवरची यादी बघत एकेक कळ दाबली.

पडद्यावर जिन्याच्या पायथ्याशी उमटलं: 'येथून वर चढा'. अक्षरं लग्नपत्रिकेची होती, वेलबुट्टीची, काना वळवून फुलासारखा केलेला. चहाचे कप घेऊन लोक जमले. एक जण म्हणाला, "हा तर बोहल्यावर जायचा जिना दिसतोय." सगळे हसले, मीही हसले. पण मोठं केलं, छोटं केलं, नकाशा सरकवला, तरी मशीन कुठेच अडलं नाही. एक वयस्कर इंजिनिअर मागे थांबले आणि हळूच म्हणाले, "बाई, ती फ्लॉपी मला मिळेल का?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर वही ठेवली. त्यांनी उभ्या उभ्याच चाळायला घेतली, मग खुर्चीत बसले. टायपिंगच्या खोलीला हसले, आकाशावर टाकलेल्या स्लॅबला हसले नाहीत. पहिल्याच पानावर पिंपळगावचा जिना होता. तो त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, "पाठकांना सांगा, मशीन आणि आवृत्ती दोन्ही आणा म्हणून."

ती बसवताना जुने नकाशे दोनदा उघडेनात आणि मला रडू यायचं बाकी राहिलं, पण बसली. काकांनी साधी, सरळ अक्षरंही काढून दिली. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसातून खेड्यात जाणाऱ्या प्रत्येक घराचे दोन संच निघायला लागले. इंग्रजी मंजुरीला, मराठी बांधायला.

पहिला संपूर्ण मराठी संच वडीगोद्रीच्या उत्तमरावांचा होता. रस्त्याला लागून दुकान, मागे घर. "मिस्त्री कोण बघू?" त्यांनी विचारलं. मी साहेबांच्या आधीच दगडूबांचं नाव घेतलं. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. नाही म्हणाले नाहीत.

नकाशा घेऊन मी दगडूबांच्या गावी गेले. ते एका गोठ्याजवळ जनावरांच्या हौदाला गिलावा करत होते. केस पिकले होते. मला बघून त्यांनी हात धुतले, पोतं झटकून बसायला टाकलं. मी जे वर्षानुवर्षं घोकलं होतं ते बोलून टाकलं. जिना तुम्ही चुकवला नाही, माझ्या अक्षरांनी चुकवला, मला तेव्हाच कळलं होतं आणि मी बोलले नाही, माफ करा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, मला बोलले ते धा लोकांत. तुम्ही माफी मातर एकट्या येऊन मागून राह्यल्या."

मी नकाशा पुढे केला. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागले. दु-का-न. बै-ठक. न्हा-णी. सगळा कागद वाचला. एका जागी बोट थांबलं.

"हे सांडपाण्याचा उतार रस्त्याकडं लिहिलंय का?"

"हो."

"ती जागा मला ठाव हाय. पाणी रस्त्याकडं जायाचं न्हाई. मागं नाल्याकडं जातं. असं बांधलं तं पावसाळ्यात सगळं न्हाणीतच परत यील."

मी पाहिलं. चूक माझी होती. दुसऱ्या एका घराची मोरी उचलून इथे ठेवताना बाण फिरवायचा राहिला होता. इतकी वर्षं वाट बघून केलेल्या नकाशात चूक निघाली, आणि मला वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटलं. कागद वाचता आल्यावर हा माणूस काय करू शकतो, ते समोर दिसत होतं.

"बदलून आणा," ते म्हणाले. "मंग बघू."

नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटा रकाना असतो. काय बदल केला आणि कुणी सुचवला, ते त्यात लिहितात. मी बाण फिरवला आणि रकान्यात लिहिलं, 'सांडपाण्याचा उतार बदलला. सूचना: दगडूबा मिस्त्री.' साहेबांपुढे सहीला ठेवला. त्यांनी चष्मा लावून रकाना वाचला.

"माझ्याबद्दल काही बोलला का?"

"नाही. माझ्याबद्दल बोलले."

त्यांनी सही केली.

आखणीच्या दिवशी वडीगोद्रीच्या त्या जागेवर उत्तमराव, त्यांचे भाऊबंद, बिगारी, शेजारचे दुकानदार, बरेच लोक होते. दगडूबा आले होते, पण थापीची पिशवी खांद्यावरून खाली ठेवली नव्हती. नारळ फुटला. नकाशा एका फळीवर टाचण्यांनी लावला. मी साहेबांची परवानगी घेतली नाही. घेतली असती तर पुन्हा टेप गुंडाळत उभी राहिले असते.

"उत्तमराव, काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी एक ऐकून घ्या," मी म्हटलं. "कुंभार पिंपळगावचा जिना या दगडूबांनी फोडला, हे इथल्या पुष्कळांनी ऐकलंय. तो जिना मिस्त्रींनी चुकवला नव्हता. माझ्या नकाशाने चुकवला होता. त्यांनी विचारून बांधला होता. मला तेव्हा माहीत होतं आणि मी गप्प बसले."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. मी साहेबांकडे बघायचं टाळत होते. मग त्यांचाच आवाज आला. त्यांनी माफी मागितली नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. पण ते फळीजवळ गेले, त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मिस्त्री, उतार तुम्ही म्हणालात तसाच केलाय. बराबर आहे का बघून घ्या."

दगडूबा पुढे आले. उताराचा बाण पाहिला. मग बोट रकान्याकडे गेलं, स्वतःच्या नावावरून हळूहळू फिरलं आणि शेवटच्या अक्षरावर क्षणभर थांबलं. त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून जमिनीवर ठेवली.

"बराबर हाय," ते बिगाऱ्यांकडे वळून म्हणाले. "चला, दोरी धरा. चुन्याची फक्की आणा. ऊन चढायच्या आत लायनी टाकून घेऊ."